गणिताची प्रश्नमंजूषा परदेशी पाठवण्याआधी: प्रश्नाचा एकच अर्थ निघावा म्हणून काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावे

सोलापुरात बसून केलेली प्रश्नमंजूषा एका दुव्यासरशी दुबईत, लंडनमध्ये किंवा नैरोबीत उघडते. दुवा जातो, पण प्रश्नाचा अर्थ वाटेत बदलतो. मग गणित येणाऱ्या मुलाचे उत्तर चुकते, आणि ते का चुकले हे गुणपत्रकात कुठेच दिसत नाही.

बहुतेक ठिकाणी घोटाळा क्रमात असतो. आधी मराठीत प्रश्न लिहायचे, मग भाषांतर, मग वेळ ठरवायची आणि शेवटी उत्तरसूची करायची, असा रिवाज आहे. या क्रमात प्रत्येक चूक पुढच्या पायरीवर चौपट महाग पडते: मूळ प्रश्नातला एक गोंधळ चार भाषांत जातो आणि चार ठिकाणी दुरुस्त करावा लागतो. खालच्या क्रमात उत्तर आधी ठरते, भाषांतर बरेच उशिरा येते.

## १. प्रश्न लिहिण्याआधीचा कागद

एक तक्ता आखा. प्रत्येक प्रश्नासाठी चार रकाने: हा प्रश्न नेमके काय तपासतो (एका ओळीत), अपेक्षित उत्तर, ते कोणकोणत्या रूपांत मान्य, आणि गणिताशिवाय आणखी काय माहीत असावे लागते.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच कोरा सोडला जातो. क्रिकेटची षटके, पत्त्यांच्या जोडातली पाने, एकराचे गुंठे, व्याजाची पद्धत, सगळे त्यात आले पाहिजे. तिथे जे लिहाल ते एक तर प्रश्नातच सांगायचे, नाही तर प्रश्नातून काढायचे. तिसरा मार्ग नाही.

२० प्रश्नांची मंजूषा हवी असेल तर २८ ते ३० प्रश्न लिहा. चाचणीत सहा-सात बाद होतील असे धरूनच चला. नेमके २० लिहिले की संशयास्पद प्रश्नही जिवावर येऊन ठेवले जातात.

तपासणी: पहिल्या रकान्यात 'आणि' दोनदा आला तर तो एक प्रश्न नाही, दोन आहेत. वेगळे करा.

## २. अंक आणि चिन्हे

याचे नियम एकदाच ठरवा आणि पहिल्या पानावर मुलांना चार ओळींत दाखवा.

अंक. मंजूषेच्या सर्व भाषांतरांत आंतरराष्ट्रीय अंकच ठेवा. देवनागरी १ परदेशी मुलाला नवासारखा दिसतो, ४ आठासारखा. शिवाय संगणकाच्या लेखी देवनागरी ५ आणि आंतरराष्ट्रीय पाच ही दोन वेगळी अक्षरे आहेत. उत्तर अक्षरशः जुळवून पाहणारा फॉर्म त्यांतले एक चूक ठरवेल.

स्वल्पविराम आणि बिंदू. आपला १,२५,००० बाहेर १२५,००० असा लिहितात. जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू वापरतात, त्यामुळे आपला १.२५० किलो तिथल्या मुलाला एक हजार दोनशे पन्नास वाटू शकतो. वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २००३ मध्ये ठरवले की दशांशासाठी बिंदू किंवा स्वल्पविराम दोन्ही चालतील, पण तीन-तीन अंकांच्या गटांमध्ये फक्त मोकळी जागा सोडावी. तीच रीत पाळा: १२५ ०००. ही जागा न तुटणारी असावी, नाहीतर मोबाइलवर १२५ एका ओळीत आणि ००० पुढच्या ओळीत जातात. दशांशानंतर नेमके तीन अंक येणार असतील तर संख्याच बदला, १.२५० ऐवजी १.२५ लिहा.

लाख, कोटी, बिलियन. लाख-कोटी बाहेर चालत नाहीत हे सगळ्यांना माहीत असते. बिलियनही सगळीकडे सारखा नाही, हे मात्र विसरले जाते. इंग्रजीत तो १ वर ९ शून्ये, जर्मन आणि फ्रेंचमध्ये १ वर १२. मोठी संख्या अंकांत किंवा दहाच्या घातात लिहा, शब्दांत नको.

क्रियांचा क्रम. आपल्या मुलांना कंचेभागुबेव (कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी) पाठ असते. त्यातल्या 'चे'ला भागाकाराआधी जागा आहे. अमेरिकेत शिकवतात त्या सूत्रात 'चे'ला वेगळी जागाच नाही. '१२ ÷ ६ चे १/२' याचे उत्तर आपल्याकडे ४ येते, डावीकडून उजवीकडे जाणाऱ्याचे १. तसेच ८ ÷ २(२ + २): कोणी १६ म्हणेल, कोणी १, आणि दोघांकडेही आपापल्या पुस्तकाचा आधार असेल. क्रियांचा क्रमच तपासायचा नसेल तर कंस घाला किंवा आडव्या रेषेचा अपूर्णांक करा. तपासायचा असेल तर जिथे सर्व पद्धती एकमत आहेत तेवढेच विचारा, उदाहरणार्थ ७ + ३ × ४.

चिन्हांच्या आणखी काही खाचा:

- −३² हे गणितात −९, पण एक्सेलमध्ये हेच सूत्र टाकले तर उत्तर ९ येते. उत्तरसूची एक्सेलवर काढणारे इथे हमखास फसतात.
- √९ + १६ मध्ये मुळाची रेषा कुठपर्यंत? ५ की १९? फॉर्ममध्ये ती रेषा ओढता येत नाही, म्हणून कंस द्या.
- पूर्णांकयुक्त अपूर्णांक साध्या टंकात २ १/२ असा दिसतो आणि २१/२ असा वाचला जातो. ५/२ किंवा २.५ लिहा.
- गुणाकाराचे चिन्ह म्हणून इंग्रजी अक्षर टाकू नका, आणि उण्याचे चिन्ह ओळीच्या टोकाला एकटे राहू देऊ नका.
- नववीच्या पुढच्या प्रश्नांत लॉगचा पाया आणि कोनाचे एकक (अंश की रेडियन) लिहाच. सहनिर्देशक आणि अंतराल यांच्या खुणाही देशागणिक बदलतात; एक नमुना आधी दाखवा.

सावधान: उर्दू आवृत्तीत वाक्य उजवीकडून डावीकडे जाते. त्याच ओळीत '५ − ३' टाकले की पडद्यावर ते '३ − ५' होऊ शकते. राशी स्वतंत्र ओळीत, डावीकडून उजवीकडे अशी दिशा ठरवून टाका, किंवा चित्र म्हणून द्या.

## ३. संज्ञा: नाव एक, अर्थ दोन

इथे थोडक्यात, पण काटेकोर राहा. शून्य नैसर्गिक संख्या आहे का? आपल्या पुस्तकात नाही, फ्रान्समध्ये आहे. 'धन' म्हणजे शून्याहून मोठी, असे आपण मानतो. फ्रेंच शाळेत त्याच शब्दात शून्यही येते. म्हणून 'नैसर्गिक संख्या किती?' ऐवजी '१ किंवा त्याहून मोठ्या पूर्णांक संख्या किती?' असे विचारा.

समलंब चौकोनाचे इंग्रजी करताना आपल्या पुस्तकातला शब्द 'ट्रॅपेझियम'. अमेरिकेत याला 'ट्रॅपेझॉइड' म्हणतात, आणि तिथे 'ट्रॅपेझियम' म्हणजे एकही बाजू समांतर नसलेला चौकोन. नुसत्या नावावर विसंबू नका. 'बाजूंची एक जोडी समांतर असलेला चौकोन' असे लिहा आणि आकृती द्या. पण 'एक' म्हणजे नेमकी एकच की किमान एक, हेही सांगा. त्यावरच समांतरभुज चौकोन त्यात बसतो की नाही ते ठरते.

## ४. मराठी वाक्यातल्या खाचा

परदेशी वाचकाचा विचार करताना आपण इंग्रजीकडे बघतो, पण निम्म्याहून अधिक गोंधळ मूळ मराठीतच रुजलेला असतो. मंजूषा जिथे घरंगळते ते हे ठिकाण, म्हणून यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

परवा. मागचा की पुढचा, हे क्रियापदावरून कळते. भाषांतर करणाऱ्याने अर्धे वाक्य पाहिले की तो चुकतो. वार किंवा तारीख लिहा, आणि तारखेत महिना अक्षरांनी. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च.

आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी. बोलताना आठ दिवस म्हणजे आठवडा, सातच दिवस. पंधरवडा तर १४ दिवसांचाही असतो आणि १५चाही. गणितात दिवस मोजून आकड्यात लिहा.

सव्वा, दीड, अडीच, पावणे, साडे. पावणेतीनशे म्हणजे २७५, हे मराठी माध्यमाच्या मुलांनाही आता अडते. 'पावणे'चे भाषांतर पाऊण करून ०.७५ घेतलेले आणि गुणाकार करून २२५ काढलेले, असे दोन्ही घोटाळे होतात. या शब्दांचे ज्ञान तपासायचे नसेल तर अंक लिहा.

ने आणि पर्यंत. 'उत्पादन ४० ने वाढले' आणि 'उत्पादन ४० पर्यंत वाढले' यांत एका प्रत्ययाचा फरक आहे. टक्केवारीत हे आणखी निसरडे: दर १० टक्क्यांवरून १२ टक्के झाला, तर वाढ २० टक्के की २? वाक्यात 'मूळ दराच्या किती टक्के वाढ' असे स्पष्ट हवे.

तिप्पट जास्त. तिप्पट की चौपट? 'तिप्पट आहे' एवढेच लिहा. 'जास्त' काढून टाका.

ते आणि दरम्यान. '५ ते १५ दरम्यानच्या संख्या' यात ५ आणि १५ धरायचे का? 'दोन्ही धरून' किंवा 'दोन्ही वगळून' हे दोन शब्द वाचवू नका.

कोडी, डझन, शेकडा, गुंठा, तोळा. कोडी म्हणजे २० नग, हे व्यापारी घरातल्या मुलाला येते, शेजारच्या मुलाला येईलच असे नाही. ४० गुंठ्यांचा एकर, हे शेतकरी घराबाहेर कोणी शिकवत नाही.

संख्या तोंडी वाचून दाखवायच्या असतील तर आणखी एक गोष्ट. मराठीत ४७ ला सत्तेचाळीस म्हणतो, म्हणजे सात आधी, चाळीस नंतर. कानडी आणि तेलुगूत चाळीस आधी येतात. सोलापुरात तिन्ही भाषा एका बाकावर बसतात, म्हणून हा उलटापालटीचा धोका इथल्या वर्गातच आहे. परदेशात जायची गरज नाही. संख्या बोलताना ती त्याच क्षणी पडद्यावर दाखवा.

### एक प्रश्न उलगडून

आधीचा: *पावणेतीनशेच्या चादरीवर शेकडा दहा सूट मिळाली, तर कोडीभर चादरी कितीला पडतील?*

तपासायचे आहे टक्केवारी आणि गुणाकार. पण त्याआधी पावणेतीनशे, शेकडा, सूट आणि कोडी हे चार उंबरठे ओलांडावे लागतात. शिवाय सूट एका चादरीवर की सगळ्यांवर, हे सांगितलेलेच नाही.

नंतरचा: *एका चादरीची किंमत २७५ रुपये आहे. दुकानदार प्रत्येक चादरीची किंमत १० टक्क्यांनी कमी करतो. अशा २० चादरींसाठी एकूण किती रुपये द्यावे लागतील?*

उत्तर ४९५०. तीन वाक्ये झाली, पण प्रत्येकात एकच गोष्ट आहे. चादर राहिली, सोलापूर राहिले. रुपयांचे डॉलर करायची गरज नाही. २७५ डॉलरची चादर म्हटले की मूल किमतीवरच अडखळते. 'रुपये हे भारताचे चलन' एवढे पहिल्या पानावर पुरे.

## ५. गोष्ट कोणती घ्यावी

स्थानिक गोष्ट काढून टाकणे हा उपाय नव्हे. सगळे प्रश्न सफरचंदांचे आणि बसच्या वेगाचे केले की मंजूषा कोणाचीच राहत नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा खुशाल घ्या, पण नियम प्रश्नातच सांगा: पाळण्यात १२ डबे, प्रत्येकात ४ जण, एक फेरी ३ मिनिटांची.

दोन गोष्टींपासून मात्र दूर राहा. पहिली क्रिकेट: '७.४ षटके' म्हणजे ७ षटके आणि ४ चेंडू, ४६ चेंडू. खेळ न जाणणाऱ्याला तो दशांश अपूर्णांक वाटणारच. दुसरी इमारतीचे मजले: आपला पहिला मजला तळमजल्याच्या वर असतो, अमेरिकेत जमिनीलगतचा तोच पहिला. तिसऱ्या मजल्यावरून जमिनीवर यायला आपण तीन मजले उतरतो, ते दोनच.

तपासणी: गोष्ट झाकून फक्त आकडे आणि प्रश्नार्थक वाक्य वाचा. तरीही प्रश्न सुटत असेल तर गोष्ट सजावट आहे. ती दोन ओळींहून लांबू देऊ नका.

## ६. पर्याय आणि उत्तरसूची

चुकीचे पर्याय मनाला येतील तसे टाकू नयेत. प्रत्येक पर्यायामागे मुलाची एक खरी चूक असावी. चादरीच्या प्रश्नाचे पर्याय असे: ५५० (फक्त सूट काढली), ४९५०, ५३०० (१० टक्क्यांऐवजी १० रुपये वजा केले), ५५०० (सूट विसरली). निकाल आला की कोण कुठे अडले ते दिसते. पर्याय चढत्या क्रमाने लावा. 'वरील सर्व' आणि 'यांपैकी नाही' टाळा. भाषांतरात त्यांचा अर्थ डळमळतो, आणि पर्यायांचा क्रम आपोआप बदलणाऱ्या फॉर्ममध्ये 'वरील' हा शब्दच खोटा ठरतो.

उत्तर टंकायचे असेल तर मान्य रूपे आधी लिहून काढा: ०.५, .५, ०,५ (स्वल्पविरामासह), १/२. गूगल फॉर्मच्या लघुत्तरात मान्य उत्तरे एकाहून अधिक देता येतात, ती सगळी भरा. एकक उत्तराच्या रकान्यात लिहायला लावू नका. प्रश्नातच 'उत्तर सेंटिमीटरमध्ये, फक्त संख्या लिहा' असे सांगा.

वर्तुळाचे प्रश्न स्वतंत्र बघा. त्रिज्या ७ सेमी असेल तर क्षेत्रफळ २२/७ ने १५४, ३.१४ ने १५३.८६ आणि गणकयंत्रातल्या पायने १५३.९४. आपल्या मुलांना २२/७ ची सवय आहे, बाहेरची मुले गणकयंत्राची कळ दाबतात. तिघेही बरोबर आहेत. पायची किंमत प्रश्नात द्या, किंवा उत्तर '४९ पाय' या रूपात मागा, किंवा १५३.८ ते १५४.१ एवढे सगळे मान्य करा. आसन्न किंमत शेवटच्या पायरीलाच काढायची, हेही सूचनेत लिहा.

सावधान: उत्तरसूची प्रश्न लिहिणाऱ्याने करू नये. दुसऱ्या व्यक्तीने प्रश्न सोडवून काढावी आणि मग तक्त्यातल्या रकान्याशी ताडून पाहावी. जिथे दोन्ही जुळत नाहीत तिथे बहुधा प्रश्नातच खोट असते.

## ७. सोलापुरातली चाचणी, मग भाषांतर

इथपर्यंत आलेली मराठी प्रत आधी गावातच फिरवा. घरी मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी प्रत्येकी दोन मुले घ्या, म्हणजे आठ. त्यांना प्रश्न सोडवायला लगेच सांगू नका. आधी 'हा प्रश्न काय विचारतो, तुझ्या शब्दांत सांग' असे विचारा आणि जसे सांगतील तसे लिहून घ्या. मध्ये समजावून सांगायचा मोह आवरा. समजावावे लागले, म्हणजे प्रश्न नापास झाला. आठांपैकी दोघांनी वेगळा अर्थ सांगितला तर वाक्य पुन्हा लिहा. प्रत्येक मुलाला अर्ध्या तासाहून जास्त बसवू नका. थकलेले मूल कशालाही होकार देते.

यानंतर भाषांतर. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्ये प्रत्येक देशाच्या संघाचे प्रमुख आपापल्या भाषेत प्रश्न आणतात आणि ती भाषांतरे इतरांना तपासायला खुली असतात. आपल्याला एवढा फौजफाटा नको, दोन माणसे पुरेत: एक भाषांतर करतो, दुसरा मूळ प्रत न पाहता ते परत मराठीत आणतो. परत आलेली मराठी मूळ मराठीशेजारी ठेवा. शब्द वेगळे चालतील. दिलेली माहिती आणि विचारलेली गोष्ट तीच हवी. यंत्राचे भाषांतर कच्चा खर्डा म्हणून चालेल, पण त्यातल्या संख्या आणि चिन्हे हाताने मूळ प्रतीवरून पुन्हा चिकटवा.

आलेखही इथेच बघा. लाल आणि हिरव्या रेषेतला फरक काही मुलांना दिसत नाही. एक रेषा सलग, दुसरी तुटक काढा.

## ८. वेळ आणि गुण

स्वतः सोडवायला लागलेल्या वेळेच्या तिप्पट वेळ द्या. दुसऱ्या भाषेत वाचणाऱ्यांसाठी त्याच्या दीडपट, म्हणजे तुम्हाला १० मिनिटे लागली तर ३० आणि ४५. लवकर उत्तराला जादा गुण देऊ नका. तिथे गणिताऐवजी वाचनाचा वेग आणि इंटरनेटचा वेग मोजला जातो.

उणे गुण ठेवायचेच असतील तर चार पर्यायांना चुकीमागे १/३ हे प्रमाण आहे: २० प्रश्नांत नुसत्या अंदाजाने सरासरी ५ बरोबर, १५ चूक, बेरीज शून्य. पण भाषा परकी असलेले मूल धास्तीने प्रश्न सोडते, म्हणून सरावाच्या मंजूषेत उणे गुण नकोतच.

थेट कार्यक्रम असेल तर वेळ जागतिक वेळेनुसार लिहा. सोलापुरात सायंकाळचे ७ म्हणजे लंडनमध्ये हिवाळ्यात दुपारचे १.३०, उन्हाळ्यात २.३०. 'रात्री १२ पर्यंत' कोणत्या तारखेचे, हा वाद नको, २३.५९ लिहा. शक्य असेल तर २४ तास खुली ठेवा. ऑलिम्पियाडमध्ये पहिला अर्धा तास मुलांना प्रश्नाबद्दल लेखी शंका विचारता येते. तशी पाच मिनिटे ठेवा, आणि दिलेले उत्तर सगळ्यांना दिसेल असे करा, विचारणाऱ्यालाच नव्हे.

## ९. निकाल जाहीर करण्याआधी

गुण मोजून झाले की लगेच यादी लावू नका. समजा ४० मुले बसली. एकूण गुणांनुसार वरची ११ आणि खालची ११ घ्या (सुमारे २७ टक्के). प्रत्येक प्रश्न वरच्या किती जणांचा बरोबर, खालच्या किती जणांचा, हे मांडा. वरच्यांत ९ आणि खालच्यांत ३ असतील तर फरक ६ भागिले ११, म्हणजे ०.५५, प्रश्न चांगला आहे. फरक ०.२ च्या खाली गेला तर प्रश्न पुन्हा वाचा. तो उणा आला, म्हणजे हुशार मुलेच जास्त चुकली, तर उत्तरसूची चुकली आहे किंवा प्रश्नाला दोन अर्थ आहेत असे समजून शोधा.

मग भाषेनुसार बघा, पण सारखे एकूण गुण असलेल्या मुलांतच. १२ ते १५ गुणांच्या गटात एखादा प्रश्न मराठीच्या १० पैकी ८ जणांचा बरोबर आणि इंग्रजीच्या १० पैकी ३ जणांचा असेल, तर आधी भाषांतर उघडा. इतक्या कमी मुलांवरून काही सिद्ध होत नाही, पण कुठे बघायचे ते कळते.

प्रश्न सदोष निघाला तर तो सर्वांसाठी रद्द करा आणि एकूण गुण २० ऐवजी १९ धरा. सगळ्यांना फुकटचा एक गुण देणे सोपे वाटते, पण ज्याने त्या प्रश्नावर सहा मिनिटे घालवून बरोबर उत्तर काढले त्याला आणि ज्याने तो सोडून दिला त्याला ते सारखेच लेखते. दोन अर्थ निघत असतील आणि दोन्हींची उत्तरे ठाम असतील तर रद्द न करता दोन्ही उत्तरे मान्य करा. काय बदलले आणि का, हे निकालाच्या वरच, मंजूषेच्या प्रत्येक भाषेत दोन ओळींत लिहा. दुरुस्त केलेला प्रश्न जुन्या प्रश्नाशेजारी त्याच तक्त्यात ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी प्रश्न लिहिणाऱ्याच्या चौथ्या रकान्यात काय भरायचे ते समोर असेल.